करडी मेंदी

१० फेब्रुवारी, शुक्रवार

दुकानातून मिळालेली ही डायरी महिनाभर फ्रिजवर पडून होती. झुलेखा म्हणाली, "लिवायची नसंल तर हिबाला चित्रं काढायला द्या." मग मला चेव आला. चौदा वर्षं मी कुवेतमध्ये लोकांचे एसी दुरुस्त करतो आहे. प्रत्येक कामाच्या कागदावर तारीख, तक्रार, कारण असं नीट लिहितो. घराबद्दल मात्र कुठे एक ओळ नाही. तेव्हा बिस्मिल्ला.

आज अबू नासिरनी मला वाळवंटात नेलं. हे आमच्या वर्कशॉपच्या मालकाचे वडील, पंचाहत्तरीचे. जहरा गावाच्या पुढे त्यांचा हिवाळ्याचा तंबू असतो, त्याचा जनरेटर बंद पडला होता. जेवणानंतर म्हाताऱ्यांनी वाळूच्या बांधासमोर डबे मांडून नेम धरले. अबू नासिर काडतुसं घरीच भरतात, वापरलेल्या गोळ्यांचं शिसं परत वितळवून. बाजारच्या मालात जीव नाही म्हणे. वितळवणारा त्यांचा माणूस इजिप्तला परत गेला, म्हणून कुरकुर चालली होती. मी सहज बोलून गेलो की बाणकोटला माझे अब्बा जाळ्याची शिशाची वजनं घरीच ओतायचे, लहानपणी मी शेजारी बसून बघितलंय.

म्हाताऱ्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू आजच ओळख झाली. स्वतःच्या हाताने चहा ओतून दिला. निम्मा बशीत सांडला, त्यावर स्वतःच हसले. चौदा वर्षांत इथे कुणी मला हाताने चहा दिला नव्हता.

३ मार्च, शुक्रवार

बांध खणून वाळू चाळली. चपट्या झालेल्या, फुटलेल्या, काही तांब्याच्या सालीसकट अख्ख्या, अशा गोळ्यांचं अर्धं पोतं भरलं. वितळवून ओतायचं काम माझं, बंदुकीची दारू नि पुढचं सगळं त्यांचं. त्यात मी पडत नाही. लायसन आहे का, हे विचारावंसं वाटलं होतं. विचारलं नाही. त्यांच्या घरचा मामला.

पाहुण्यांसमोर मला 'मुअल्लिम' म्हणाले. म्हणजे उस्ताद. एरवी मी 'ए एसी'.

झुलेखाला सांगितलं, फिंतासच्या किनाऱ्यावर गळ टाकणारे लोक आहेत, त्यांना वजनं हवी आहेत. बाणकोटचीच पोर ती, तिला त्यात नवल वाटलं नाही. खोटं लहानसंच आहे. गोळ्या म्हटलं असतं तर तिला झोप लागली नसती.

३१ मार्च, शुक्रवार

रमजान. दुपारी वेळ जाता जात नाही, म्हणून बैठकीत चादर पसरून पोतं निवडायला बसलो. हिबा मदतीला. सव्वाचार वर्षांची पोर, पण तांब्याची साल असलेल्या एका डब्यात, नुसतं शिसं दुसऱ्या डब्यात, असं बिनचूक करते. इंग्रजीत शंभरपर्यंत मोजते आणि शंभरला टाळ्या वाजवते. मी मराठीत पन्नास म्हटलं की ती "फिफ्टी, अब्बा" म्हणून मलाच सुधारते.

बोटं करडी झाली तर मला दाखवून म्हणते, "अब्बा, लुक, मेंदी!" मग गालालाही लावली. मी हसून हसून बेजार. झुलेखाने इफ्तारच्या आधी धरून हात धुतले, तरी नखांत राहिलीच.

८ एप्रिल, शनिवार

शिशाचा पहिला घाणा काढला. जागा म्हणजे स्वयंपाकघरामागची धुण्याची खोली. गॅलरीत केलं असतं, पण खालचा हारिस, म्हणजे इमारतीचा वॉचमन, सारखा वर बघतो. धुळीच्या वादळांमुळे खिडक्यांना आणि त्या खोलीच्या पंख्याच्या भोकाला मीच फेब्रुवारीत टेप मारली आहे. काढायचा कंटाळा केला.

झुलेखा सलवा भागातल्या दातांच्या क्लिनिकवर, रिसेप्शनला. हिबा बाहेर पॅसेजमध्ये गार फरशीवर कार्टून बघत होती. शिशावर ती चंदेरी साय आली आणि मला पडवीतली तीन दगडांची चूल आठवली, समोर खाडी, अब्बांच्या कानाला लावलेली विडी. इतक्या वर्षांनी अब्बा माझ्या शेजारी उकिडवे बसलेत असं वाटलं. रडू आलं, खरं सांगतो.

२१ एप्रिल, शुक्रवार. ईद.

सकाळी अबू नासिरच्या दिवानियात, म्हणजे त्यांच्या पाहुण्यांच्या बैठकीत. त्यांनी मी ओतलेल्या गोळीचा एक नग खिडकीशी धरून सगळ्यांना दाखवला. नग थरथरत होता. म्हातारा किती खूष झाला होता!

हिबाने शीरखुर्मा चमचाभर खाऊन ठेवून दिला. नवी चप्पलही घालेना. नखरे.

१२ मे, शुक्रवार

पाचवा घाणा. हिबाचं पोट दुखतंय, चार दिवस शौचाला नाही. झुलेखाने इसबगोल दिलं, ओवा दिला. शाळेतल्या चिप्स बंद.

घरच्या एसीचा फिल्टर काढला तर वीस दिवसांत करडा होऊन चोंदलेला. यंदा धूळ फार आहे.

२३ मे, मंगळवार

शाळेतून बोलावणं. हिबा मुलींना चावते. घरी आल्यावर तिला म्हटलं, चल, मोजून दाखव. एकोणतीसवर अडकली. पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा एकोणतीस. मी ओरडलो. ती माझ्याकडे बघत राहिली, रडलीही नाही. आळशी झाली आहे.

क्लिनिकच्या डॉक्टरने रक्त कमी आहे म्हणून लोहाचं औषध दिलं. माझंही डोकं जड असतं, जिभेवर गोडूस चव राहते. उन्हाळा.

६ जून, मंगळवार

नववा घाणा. हिबा जेवता जेवता ताटावरच पेंगली. झुलेखा घाबरली आणि तिला सरकारी इस्पितळात घेऊन गेली. तिथे मुलांच्या डॉक्टर मराठी निघाल्या, साताऱ्याच्या, डॉ. सुमेधा. त्यांनी जास्तीचं रक्त काढून घेतलं. कशासाठी ते झुलेखाला कळलं नाही.

११ जून, रविवार

सलव्यातल्या एका घराच्या गच्चीवर होतो. झुलेखाचा फोन. म्हणाली, "हिबाच्या रगतात शिसं हाय."

मी म्हटलं, काय आहे?

"शिसं. आकडा त्रेपन्न हाय. पाचच्या खाली पायजे. आताच्या आता या."

डोक्यावर ऊन इतकं की हातातला पाना पोळत होता, आणि मला हुडहुडी भरली. शिडीवरून कसा उतरलो आठवत नाही. हत्यारं वरच राहिली.

वॉर्डात हिबाच्या हाताला सुई लावलेली. डॉ. सुमेधा शांतपणे विचारत होत्या. घराला जुना रंग आहे? खेळणी कुठली? मसाले कुठून आणता? डोळ्यांत काही घालता का?

झुलेखा म्हणाली, "सुरमा."

तिच्या आईने बाणकोटहून पाठवलेली डबी. चाळिसाव्या दिवसापासून ती हिबाला लावते. डॉक्टर म्हणाल्या, काही सुरम्यांत शिसं असतं, डबी तपासायला आणा. झुलेखाने पर्समधूनच काढून दिली. मग कॉरिडॉरमध्ये जाऊन आईला फोन लावला. एवढ्या मोठ्याने बोलताना तिला मी कधी ऐकलं नव्हतं. "माज्या पोरीला जहर धाडलंस तू!" म्हातारी पलीकडून काय म्हणत होती कळत नव्हतं. नुसतं रडणं ऐकू येत होतं.

मी शेजारी उभा होतो. तोंड उघडलं होतं. आवाज निघाला नाही. वाटलं, खरंच सुरमाच असेल. या अल्ला, सुरमाच असू दे.

हे लिहिताना माझी मलाच शिसारी येते आहे.

१२ जून, सोमवार

आज डॉ. सुमेधांनी मला एकट्याला विचारलं, "त्रास नेमका कधी सुरू झाला? आणि त्याच्या आधी घरात काय बदललं?"

हा प्रश्न माझा आहे. चौदा वर्षं प्रत्येक गिऱ्हाइकाला मी हाच विचारतो. एसी कधीपासून गार करत नाही? त्याआधी घरात काय बदललं? लोक म्हणतात, काही नाही. मग मी जाऊन बघतो आणि काहीतरी बदललेलं असतंच.

मी म्हटलं, काही नाही.

कपडे घ्यायला घरी आलो आणि ही डायरी उघडली. दोनदा वाचली. सगळं इथेच आहे, माझ्याच अक्षरात. आठ एप्रिलला पहिला घाणा. ईदला जेवण सुटलं. पाचवा घाणा आणि पोटदुखी एकाच दिवशी, एकाखाली एक, मध्ये एक ओळसुद्धा नाही. तिच्या गालाला लागलेली मेंदी. ती बघून मी हसलो होतो, तेही लिहून ठेवलंय.

आणि पॅसेज. पॅसेजमध्ये पोर कुठे बसायची? गार फरशीवर, छताच्या जाळीखाली. ती परतीची जाळी आहे. घरातली सगळी हवा तिकडेच ओढली जाते, यंत्रातून जाते आणि पुन्हा खोल्यांत येते. हे मी लोकांना हात नाचवून समजावतो. धुण्याच्या खोलीच्या दाराखालून निघालेला धूर पोरीच्या डोक्यावरून जाळीत गेला, तिथून तिच्या पलंगावर, तिच्या उशीवर. बाहेर जायचं एकच भोक होतं, आणि ते मी टेपने बंद केलं होतं. फिल्टर करडा झाला तेव्हा मी धुळीला नावं ठेवली.

अब्बांच्या पडवीला भिंतच नव्हती. सगळा धूर खाडीवर जायचा. मी त्यांचं काम उचललं आणि पडवी विसरलो. दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर मी त्याला मूर्ख म्हटलं असतं. मी तर एसीवाला आहे.

पोतं अजून तिथेच आहे. त्या खोलीचं दार उघडायला हात धजत नाही.

१३ जून, मंगळवार

झुलेखाला सांगितलं. इस्पितळाच्या जिन्यात. वजनं नव्हती, गोळ्या होत्या. वाळवंटातल्या, बंदुकीच्या.

तिने जिन्याचा कठडा धरला. मग विचारलं, "परवा मी आईला शिव्या देत होते तवा तुमी कुठं होताव?"

म्हटलं, तुझ्या शेजारी.

"माज्या शेजारी," ती म्हणाली. ओढणी सावरून वर निघून गेली. मारलं असतं तर बरं झालं असतं.

तासाभराने परत आली. डोळे कोरडे. आता तिला दुसरी धास्ती बसली होती. "ती वही जाळा. डाक्टरला सांगा रंग होता, पायप होता, कायबी सांगा. गोळ्यांचं नाव काढलंत तर पोलीस येतील. तुमाला आत टाकतील, आमाला विमानात बसवतील. मग पोरीची दवा कोण करंल? बाणकोटला?"

तिचं चुकत नव्हतं. इथे घरात एक गोळी सापडली तरी माणूस सुटत नाही. मी अर्धं पोतं ठेवलं होतं, बैठकीत, चादरीवर, पोरीला खेळायला.

घरी आलो, धुण्याच्या खोलीचं दार उघडलं, काडेपेटी हातात घेतली, डायरी नळाखालच्या बादलीत धरली. काडी ओढणार एवढ्यात जाणवलं की पुन्हा त्याच खोलीत मी काहीतरी जाळायला बसलो आहे. काडेपेटी खाली ठेवली. पंख्याच्या भोकावरची टेप ओरबाडून काढली. आज काढून काय उपयोग, पण काढली. नख तुटलं.

१४ जून, बुधवार

डॉ. सुमेधा म्हणाल्या, "सुरम्याचा रिपोर्ट आला. त्यात शिसं नाही."

झुलेखाने भिंतीला डोकं टेकलं. मी पिशवीतून डायरी काढून डॉक्टरांसमोर ठेवली. म्हटलं, मॅडम, तुम्हाला मराठी वाचता येतं. तुम्ही विचारलेल्या तारखा यात आहेत.

झुलेखाने माझा दंड पकडला. मग सोडला.

त्या उभ्यानेच वाचायला लागल्या, मग खुर्ची ओढून बसल्या. एका कागदावर तारखा उतरवत होत्या. ३१ मार्चच्या पानावर पेन थांबलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मी खाली बघत होतो. माझी नखं दिसली. अजून करडी.

"मला कारण लिहावं लागेल," त्या म्हणाल्या. "घरात शिसं वितळवलं, असं मी लिहिणार. ते खरं आहे आणि उपचाराला तेवढं पुरतं. कशाचं शिसं, हे कुणी विचारलं तर मी खोटं बोलणार नाही."

मी म्हटलं, मीही नाही बोलणार.

मग म्हणाल्या, "या तारखांमुळे किती दिवस अंगात गेलं ते कळलं. नाहीतर सुरमा टाकून दिला असता आणि पोरीला त्याच घरात परत पाठवलं असतं."

तीन दिवस मी नेमकं तेच होऊ देत होतो. पोरीला तिथेच परत झोपवलं असतं, तिच्याच उशीवर.

माझंही रक्त घेतलं, झुलेखाचंही.

१६ जून, शुक्रवार

पोतं उचलून अबू नासिरकडे गेलो. पुलाखाली टाकता आलं असतं, पण तिथे कुणाचं तरी पोर खेळेल.

दिवानियामागच्या खोलीत ते एकटेच होते, टेबलाशी. मी पोतं दाराबाहेर ठेवलं आणि उभ्या उभ्या सांगितलं. हिबा, त्रेपन्न, इस्पितळ. कुणी विचारलं तर तुमचं नाव सांगेन, हेही सांगितलं. माझा अरबी-हिंदीचा काला.

आधी चिडले. "चालीस साल मैं करता. मेरे को कुछ नहीं हुआ! शूफ!" बघ, म्हणून त्यांनी हात पुढे केला.

हात थरथरत होता. दोघांनीही बघितला. त्यांनी बोटं ताणून स्थिर करायचा प्रयत्न केला, जमेना. दुसऱ्या हाताने धरला, तर तोही थरथरायला लागला. चार महिने मी त्या हाताचा चहा प्यायलो, बशीत सांडला तर कौतुकाने हसलो, आणि ईदच्या दिवशी थरथरणारा नग बघून म्हातारा खूष आहे असं लिहिलं.

"हाज़ा... ये उम्र का है," ते म्हणाले. मग हळूच विचारलं, "नहीं?"

मी म्हटलं, बाबा, मला माहीत नाही. रक्त तपासा. डॉक्टरांचं नाव चिठ्ठीवर लिहून दिलं. त्यांनी चिठ्ठी घेतली. निघताना मला मुअल्लिम म्हणाले नाहीत, नुसतं नावाने 'अफताब'ही नाही. टेबलावरच्या माझ्या हातच्या नगांकडे बघत बसले होते.

२ जुलै, रविवार

माझा आकडा एकसष्ट. झुलेखाचा अकरा. हिबाचा औषधाने चोवीसवर आला होता, पुन्हा एकतीस झाला. डॉक्टर म्हणतात असं होतं, हाडांत साठलेलं बाहेर येतं. माझ्या पोरीच्या हाडांत. हे वाक्य लिहून अर्धा तास बसलो होतो.

आरोग्य खात्याचे लोक येऊन फरशी पुसून नमुने घेऊन गेले. पोलीस आलेले नाहीत. लिफ्ट आमच्या मजल्यावर थांबली की आम्ही दोघं बोलायचं थांबतो. वर्कशॉपमध्ये मला वेगळ्या गाडीवर टाकलंय. कुणी कारण सांगत नाही, मी विचारत नाही. आम्ही दुसऱ्या फ्लॅटमध्ये आलो. गाद्या, पडदे, खेळणी सगळं तिथेच सोडलं.

सासूबाईंना फोन केला. म्हटलं, तुमचा सुरमा स्वच्छ निघाला, जहर मी दिलं. म्हातारी म्हणाली, "पोर जेवते का, ता सांग."

१८ ऑगस्ट, शुक्रवार

आकडा एकोणीस. मी डॉ. सुमेधांना विचारलं, आकडा उतरला की विसरलेलं परत येतं ना? त्या म्हणाल्या, "काही येतं. किती, ते मी सांगू शकत नाही." खोटं बोलणार नाहीत, हे ठाऊकच होतं.

झुलेखा माझ्याशी बोलते. जेवण वाढते. हिबाला मात्र माझ्याजवळ एकटी सोडत नाही.

रोज संध्याकाळी तिघं किनाऱ्यावर जातो. हिबा शिंपले गोळा करते, झुलेखा प्रत्येक शिंपला आधी धुते, आणि मग हिबा ओळीत मांडून मोजते. मी लांबच बसतो. आज ती एकोणतीसवर थांबली. मी सांगणार होतो पुढचा आकडा, पण झुलेखाने मान हलवली.

मग हिबा माझ्याकडे वळली, शिंपला पुढे धरून. "अब्बा," म्हणाली, "तीस?"

मराठीत म्हणाली. कुठून आलं कोण जाणे. मी मान डोलावली. ती तिथून एकेचाळीसपर्यंत गेली, मग दमली आणि आईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली.

कालपर्यंत एकोणतीसच होते. आज एकेचाळीस. शंभरला ती टाळ्या वाजवायची.